आरईएफमध्ये पेपर खरंच वाचतात का? (पीअर रिव्ह्यू, तारे आणि पैसे)

पानगळ

नॅक, एनआयआरएफ, एपीआय (आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या आणि प्राध्यापकांच्या मूल्यमापनाच्या पद्धती) यांचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, "ब्रिटनमध्ये बघा, तिथे पेपर मोजत नाहीत, वाचतात." हे अर्धं खरं आहे. वाचतात हे खरं, त्यालाच पीअर रिव्ह्यू म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांनी केलेलं परीक्षण म्हणतात. पण कोण वाचतं, किती वाचतं आणि वाचून दिलेल्या गुणांचं पुढे काय होतं, हे कुणी सांगत नाही. जाणकारांनी तपशिलात लिहावं म्हणून हा धागा.

आधी पायाभूत माहिती. आरईएफ म्हणजे रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क. अलीकडे साधारण दर सहा-सात वर्षांनी होणारी ब्रिटनमधल्या सगळ्या विद्यापीठांच्या संशोधनाची परीक्षा. पहिली फेरी १९८६ची, तेव्हाच्या युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिटीने घेतलेली. (हो, त्यांचीही यूजीसीच.) मग १९८९, १९९२, १९९६, २००१, २००८ या आरएई (रिसर्च असेसमेंट एक्सरसाइज) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फेऱ्या, आणि २०१४पासून आरईएफ. शेवटची पूर्ण झालेली २०२१ची, तिचा निकाल १२ मे २०२२ला लागला. पुढची २०२९ची.

२०२१चा आवाका: १५७ संस्था, ७६,१३२ पूर्णवेळ-समतुल्य प्राध्यापक-संशोधक, १,८५,५९४ आउटपुट (पेपर, पुस्तकं, पेटंट, कलाकृती, सगळं यात आलं) आणि ६,७८१ इम्पॅक्ट केस स्टडी (संशोधनाचा विद्यापीठाबाहेर काय परिणाम झाला याची उदाहरणं). विषयांचे ३४ गट, म्हणजे ३४ सबपॅनेलं, त्यांच्यावर ए ते डी अशी चार मुख्य पॅनेलं. एकूण गुणांत आउटपुटला ६० टक्के, इम्पॅक्टला २५ आणि संशोधनाच्या वातावरणाला १५.

मला मुख्यतः त्या ६० टक्क्यांबद्दल बोलायचं आहे. सुमारे ९०० प्राध्यापक-परीक्षक होते. प्रत्येक आउटपुटला दोन वाचक धरले तर ३,७१,१८८ वाचनं होतात, म्हणजे दरडोई चारशेच्या वर. काही महिन्यांत चारशे पेपर "वाचणं" म्हणजे नक्की काय?

शाईचा डाग

पानगळ, आकडेमोड बरोबर आहे आणि शंकाही रास्त. पण जर्नलचा रेफरी वाचतो तसं हे वाचन नसतं, हे आधी लक्षात घ्या. रेफरीला चुका शोधून सुधारणा सुचवायच्या असतात. पॅनेलच्या सदस्याला फक्त पायरी ठरवायची असते: चार तारे, तीन, दोन, एक, की अवर्गीकृत. लेखकाला एक ओळही कळवायची नसते. त्यामुळे प्रस्तावना, पद्धत, मुख्य निष्कर्ष आणि "याआधी काय माहीत होतं" एवढं नीट पाहिलं की अनुभवी माणसाला पायरी दिसते. न दिसल्यास मग पूर्ण वाचन.

निकष तीन: मौलिकता, महत्त्व, काटेकोरपणा. चार तारे म्हणजे या तिन्ही बाबतींत जागतिक पातळीवर अग्रणी. तीन म्हणजे आंतरराष्ट्रीय उत्कृष्टता, पण सर्वोच्च दर्जाला थोडं उणं. दोन म्हणजे आंतरराष्ट्रीय दखलपात्र, एक म्हणजे राष्ट्रीय दखलपात्र. इथे एक गैरसमज हमखास होतो. "जागतिक" हा शब्द दर्जाचा आहे, भूगोलाचा नाही. एका तालुक्यातल्या मोडी कागदपत्रांवरचं काम चार तारे मिळवू शकतं आणि वीस देशांच्या आकडेवारीवरचं काम दोनवर अडकू शकतं.

कामाचा क्रम साधारण असा असतो.

सुरुवात कॅलिब्रेशनने. खरं मूल्यमापन सुरू व्हायच्या आधी सगळे सदस्य तेच ठरावीक नमुना-आउटपुट स्वतंत्रपणे वाचून गुण देतात. मग ते गुण समोरासमोर ठेवले जातात. त्याच पेपरला एकाने चार आणि दुसऱ्याने दोन दिलेले निघतात, आणि खरी चर्चा तिथे होते. "तू काटेकोरपणा कशाला म्हणतोस?" हा प्रश्न तिथेच सुटला नाही तर पुढचे सगळे महिने वाया. मुख्य पॅनेलही असंच करतं, नाहीतर एका विषयाचे चार तारे म्हणजे दुसऱ्याचे तीन असं होऊन बसेल.

मग वाटप. अध्यक्ष विषयाच्या जाणकारीनुसार आउटपुट वाटतात. स्वतःच्या विद्यापीठाचं काम कुणाकडेच जात नाही, आणि त्या विद्यापीठाची चर्चा निघाली की तो सदस्य खोलीबाहेर जातो. अलीकडचे सहलेखक, माजी विद्यार्थी वगैरे हितसंबंध आधीच नोंदवून घेतलेले असतात.

मग दोघे वाचतात. आपला गुण आधी नोंदवायचा आणि मगच दुसऱ्याचा पाहायचा, हा क्रम मोडला की दुसरा वाचक नुसता शिक्का उरतो. एका पायरीचा फरक असेल तर दोघे बोलून ठरवतात, दोन पायऱ्यांचा असेल तर तिसरा वाचक. शेवटी पूर्ण सबपॅनेल मान्यता देतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकेका पेपरचे गुण प्रसिद्ध होत नाहीत आणि नंतर ती नोंद नष्ट केली जाते. बाहेर येतो तो फक्त त्या विभागाचा आलेख: इतके टक्के चार तारे, इतके तीन. अमुक डॉक्टरांच्या पेपरला किती मिळाले हे अधिकृतपणे कुणालाच कळत नाही. परीक्षा विभागाची असते, माणसाची नव्हे.

खडूफळा

इम्पॅक्ट फॅक्टर अजिबात बघत नाहीत?

शाईचा डाग

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) किंवा जर्नलांची कुठलीही क्रमवारी वापरायची नाही, असा स्पष्ट नियम आहे. सायटेशनचा आकडा (इतरांनी त्या एका पेपरचा किती वेळा संदर्भ दिला) ही वेगळी गोष्ट. तो काही सबपॅनेलांना पूरक माहिती म्हणून मिळतो: वैद्यक आणि जीवशास्त्रं, रसायन, भौतिकी, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र अशांना. गणिताच्या सबपॅनेलने घेतला नाही, मानव्यविद्यांच्या डी पॅनेलमध्ये कुणीच घेतला नाही. ज्यांना मिळतो त्यांनाही वर्ष आणि उपविषय यांची सरासरी सोबत दिली जाते, कारण २०२०च्या पेपरला सायटेशन जमायला वेळच मिळालेला नसतो.

आता नियम कागदावर आहे म्हणून पेपरच्या डोक्यावर छापलेलं जर्नलचं नाव डोळ्यांना दिसत नाही असं नाही. नाव झाकून वाचन होत नाही. ही या पद्धतीतली उघडी फट आहे आणि तिला अजून झाकण सापडलेलं नाही.

सातारी तर्क

दोन परीक्षकांचे गुण किती जुळतात हे पाहून या पद्धतीतल्या फटीचं मोजमाप करता येतं, आणि ते करताना लोक कुठे घसरतात ते सांगतो.

"दोन परीक्षकांत ६० टक्के एकमत" असं कुणी म्हटलं तर ऐकायला चांगलं वाटतं. पण समजा दोघेही न वाचता, नुसते फासे टाकून, ४० टक्के पेपरांना चार तारे, ४५ टक्क्यांना तीन आणि १५ टक्क्यांना दोन देत सुटले. तरी योगायोगाने एकमत किती होईल? ०.४० चा वर्ग ०.१६, ०.४५ चा ०.२०२५, ०.१५ चा ०.०२२५. बेरीज ०.३८५. म्हणजे साडेअडतीस टक्के एकमत फुकटात मिळतं! ते वजा करून उरलेल्या जागेने भागलं की कोहेनचा 'कप्पा' (योगायोग वगळून उरलेल्या एकमताचा निर्देशांक) मिळतो: (०.६० − ०.३८५) ÷ ०.६१५ = ०.३५. ६० टक्के एकमत ऐकताना जे वाटलं होतं, त्यापेक्षा हे बरंच कोमट आहे.

आणि गुण जितके वरच्या दोन पायऱ्यांत गोळा होतील तितकं हे फुकटचं एकमत वाढतं. २०२१च्या एकूण निकालात ४१ टक्के चार तारे, ४३ टक्के तीन, १४ टक्के दोन आणि २ टक्के एक. सगळी गर्दी वरच्या दोन पायऱ्यांवर.

म्हणून एका पेपरच्या गुणावर विसंबायचं नाही. पन्नास पेपरांच्या विभागात वरखाली झालेले गुण बऱ्यापैकी एकमेकांना खाऊन टाकतात, पाच पेपरांत खात नाहीत. २०१५मध्ये जेम्स विल्सडन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 'द मेट्रिक टाइड' अहवाल दिला, त्यात २०१४च्या आउटपुटचे गुण पंधरा आकडेवारी-निर्देशकांशी ताडून पाहिले होते. एकेका पेपरच्या पातळीवर मेळ कच्चा, आणि विषयागणिक कमालीचा वेगळा. आकडे पीअर रिव्ह्यूची जागा घेऊ शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण त्याच तुलनेतून "पीअर रिव्ह्यूसुद्धा एकेका पेपरबाबत तितका भरवशाचा नसावा" असंही वाचता येतं. हे वाचन फारसं कुणी करत नाही.

निवडुंग

पॅनेलचं एवढं कौतुक चाललंय, पण गोंधळ त्याच्या आधीच्या टप्प्यावर होतो. पॅनेलकडे काय पाठवायचं हे विद्यापीठ ठरवतं, आणि ते ठरवायला विद्यापीठाच्या आत आणखी एक पीअर रिव्ह्यू चालतो. त्याला मॉक म्हणा, अंतर्गत वाचन म्हणा. खर्च आणि मनस्ताप मुख्यतः तिथला. २०२१च्या फेरीचा एकूण खर्च ४७.१ कोटी पौंड असा अंदाज आहे आणि त्यातला बहुतेक विद्यापीठांनी आपल्या घरात केलेला. १५७ संस्थांनी भागून बघा, सरासरी तीसेक लाख पौंडांच्या आसपास येतो.

२०२१च्या फेरीचं गणित असं होतं. समजा विभागात २० पूर्णवेळ माणसं आहेत. माणशी सरासरी २.५, म्हणजे ५० आउटपुट पाठवायचे. प्रत्येकाचा किमान एक, कुणाचेही पाचपेक्षा जास्त नाहीत. (२०१४मध्ये सरसकट माणशी चार होते, आणि कुणाला पाठवायचं हे विद्यापीठ निवडायचं. त्यातून "तुझं नाव गेलं नाही" हा शिक्का बसायचा. निकोलस स्टर्न यांच्या २०१६च्या अहवालानंतर ते बदललं.) लोकांनी मिळून सहा-सात वर्षांत समजा २०० पेपर लिहिलेत. त्यातले ५० निवडायचे. म्हणजे २००च्या २०० कुणीतरी वाचायला हवेत.

आता एका आउटपुटचं वजन: ६० ÷ ५० = १.२ टक्के. २० माणसांच्या विभागाला केस स्टडी तीन, म्हणजे एका केस स्टडीचं वजन २५ ÷ ३ = ८.३३ टक्के. एक पाच पानी केस स्टडी जवळजवळ सात पेपरांच्या तोडीची! १९.९९ माणसांपर्यंत केस स्टडी दोनच लागायच्या, तेव्हा एकेकीचं वजन १२.५. सीमेवरच्या विभागात अर्ध्या वेळेची एक नेमणूक पुढे-मागे का सरकते हे आता कळेल.

पैशाचा भाग. इंग्लंडमध्ये निकालावरून जो निधी वाटला जातो त्यात चार ताऱ्याला ४ आणि तीन ताऱ्याला १ असं प्रमाण आहे. दोन आणि खाली शून्य. ब्रिटनमधल्या चारही देशांची निधी-मंडळं मिळून वर्षाला सुमारे २ अब्ज पौंड या निकालावर वाटतात. म्हणजे तीन आणि चारच्या सीमेवरचा पेपर चारच्या बाजूला पडला की चौपट. अंतर्गत वाचनातली भांडणं याच एका रेघेवर होतात. म्हणून मग "३ प्लस", "साडेतीन", "३ कडे झुकलेले ४" असले गुण निघतात, जे खऱ्या पॅनेलच्या आउटपुट-पट्टीवर नाहीतच.

लंडनकर

निवडुंग +१. अंतर्गत वाचनात हमखास काय बिघडतं, त्याची भर घालतो.

पहिलं, वाचक शेजारच्याच खोलीतला असतो. त्याला रोज कॉफीच्या यंत्रापाशी भेटायचं असतं, त्यामुळे दोनला तीन म्हटलं जातं. उपाय म्हणून बाहेरचा वाचक नेमतात, पण त्याला विषयातलं सगळं वाचायला दिलं जातं आणि तो पेपरामागे ठरावीक मानधनावर वीस मिनिटांत एक पेपर उरकतो.

दुसरं, शेरा. फॉर्ममधल्या शेऱ्याच्या चौकटीत "उत्तम जर्नल, भरपूर सायटेशन, निश्चित ४" असं लिहिलेलं दिसलं की तो फॉर्म परत पाठवावा. त्यात निकषांपैकी एकही नाही. चालणारा शेरा असा असतो: "साठवणुकीतल्या नासाडीचं कारण आर्द्रता नसून हवेचा प्रवाह आहे, हा दावा नवा. तीन हंगामांची मोजणी, तुलनेसाठी वेगळा गट आहे. पण सगळी ठिकाणं एकाच जिल्ह्यातली, त्यामुळे निष्कर्ष शीर्षकात म्हटलाय तितका रुंद नाही. मौलिकता ४, काटेकोरपणा ३, महत्त्व ३. एकूण ३." पाच ओळी. वाचलं की नाही ते यात दिसतं.

तिसरं, खुली उपलब्धता. २०२१च्या फेरीत १ एप्रिल २०१६नंतर स्वीकारलेला जर्नल-लेख तीन महिन्यांत विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात जमा केलेला नसेल, तर तो कितीही चांगला असो, अपात्र ठरायचा. सवलत एकूण ५ टक्क्यांपुरती. कितीतरी चांगले पेपर गुणांवर नव्हे, या तारखेवर पडतात. लेख स्वीकारल्याचा ईमेल आला त्याच दिवशी अंतिम हस्तलिखित चढवणं एवढाच यावर इलाज. प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ नव्हे, तुमची वर्ड फाइल. ही चूक इतकी नेहमीची आहे की ग्रंथालयातले लोक आता हसतही नाहीत.

चौथं जरा गंभीर. गुण विभागासाठी असतात हे शाईचा डाग यांनी सांगितलंच. पण अंतर्गत वाचनाचे गुण माणसाच्या नावासमोर एक्सेलमध्ये बसलेले असतात. ते बढतीच्या बैठकीत डोकावतात. कराराचा प्रकार बदलून एखाद्याला "फक्त अध्यापन"वर टाकलं की त्याला मोजायचीच गरज उरत नाही. त्यावर तोडगा म्हणून २०२१च्या फेरीसाठी प्रत्येक संस्थेला लेखी आचारसंहिता मंजूर करून घ्यावी लागली. ती वाचण्यासारखी असते, आणि पाळली जाते का हे विचारण्यासारखं.

पानगळ

पुस्तकांचं काय? इतिहासाचं सातशे पानी पुस्तक आणि सहा पानी पेपर एकाच मापाने?

शाईचा डाग

दुहेरी वजन मागता येतं. मग ते दोन आउटपुट म्हणून मोजलं जातं. मागणी नाकारली गेली तर राखीव म्हणून दुसरा एक आउटपुट जोडून ठेवायचा. डी पॅनेलमध्ये लांब पुस्तकासाठी हे बिनदिक्कत मागावं.

इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतलं कामही चालतं, त्यामुळे मराठीत छापलेला संशोधन-ग्रंथसुद्धा पाठवता येतो. इंग्रजी गोषवारा जोडायचा, आणि पॅनेलमध्ये ती भाषा जाणणारं कुणी नसेल तर भाषा-सल्लागाराकडे जातो. धोका एवढाच की गोषवारा आळसात लिहिला तर पुस्तकाचं मोठेपण त्याच्यापुढे जात नाही. नृत्य-नाट्य-चित्र असेल तर हे संशोधन का आहे हे सांगणारं ३०० शब्दांचं टिपण द्यायचं. त्यात समीक्षकांची स्तुती भरणारे फसतात. तिथे प्रश्न, पद्धत आणि काय नवं कळलं, एवढंच हवं असतं.

खडूफळा

आता आपल्याकडे वळूया का? कारण फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने केअर यादी (दर्जेदार मानलेल्या जर्नलांची यादी) बंद केली आणि जर्नल कसं पारखायचं ते संस्थांनी आपापलं ठरवावं म्हटलं. सोबत दिले ते नुसते सुचवलेले निकष. महाविद्यालयांच्या आयक्यूएसीला (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) हे काम आता खरोखर करायचं आहे.

सातारी तर्क

वळूया, पण एक फरक डोळ्यांसमोर ठेवून. यूजीसीच्या प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीच्या २०१८च्या नियमावलीत पीअर रिव्ह्यू हा जर्नलचा गुणधर्म आहे. पेपर पीअर रिव्ह्यूड जर्नलमध्ये आला की विज्ञानात ८, मानव्यविद्यांत १० गुण. त्यावर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढ: १ ते २ असेल तर १५, २ ते ५ला २०, १०च्या वर ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, म्हणजे एका पेपरचे १४० टक्के वाटले जातात! तीन-चार लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. या सगळ्या हिशेबात पेपर उघडायची वेळ एकदाही येत नाही.

केअर यादीचं समन्वयाचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि तिची गरज का पडली हेही तिथल्याच अभ्यासात दिसलं होतं. आधीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना त्यांनी तपासला, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. यादी असली की तीत घुसायचा धंदा सुरू होतो. यादी नसली की प्रत्येक महाविद्यालयाची स्वतःची यादी तयार होईल, आणि तो धंदा घरपोच येईल.

निवडुंग

म्हणून यादी करूच नका, पेपर वाचा. पंचवीस-तीस प्राध्यापकांच्या महाविद्यालयाला आरईएफ परवडणार नाही, पण त्यातले तीन-चार भाग उचलता येतात.

माणशी वर्षाला एकच पेपर, तो स्वतः निवडेल तो. म्हणजे तीस पेपर. दोन वाचक धरले तर साठ वाचनं. शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांशी अदलाबदल केली तर वाचक बाहेरचा मिळतो आणि मानधनही लागत नाही. सुरुवातीला सगळ्या वाचकांनी तेच तीन पेपर वाचून गुण ताडून बघायचे, यासाठी एक दुपार राखून ठेवा. ही दुपार वाचवली तर बाकीचं सगळं निरर्थक.

खडूफळा

मराठी विभागाचा पेपर रसायनवाल्याने वाचायचा का?

निवडुंग

अजिबात नाही. म्हणून तर अदलाबदल एका महाविद्यालयाशी पुरत नाही, तीन लागतात. वाचक विषयातला नसेल तर तो भाषा, लांबी आणि संदर्भांची संख्या बघून गुण देतो.

लंडनकर

फॉर्मबद्दल एक सूचना. जर्नलचं नाव, इम्पॅक्ट फॅक्टर आणि सायटेशन यांचे रकाने फॉर्मवर ठेवूच नका. रकाना असला की माणूस तो भरतो, आणि भरला की त्याच्याकडे बघून गुण देतो. पेपरची पीडीएफ देतानाही पहिल्या पानावरची जर्नलची पट्टी कापून द्या, लेखकाचं नाव झाका. आरईएफला एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हे जमत नाही, तीस पेपरांत जमतं. ग्रंथालयातल्या कारकुनाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि पहिल्या वाचकाचा फॉर्म बंद पाकिटात. दुसऱ्याचा आल्यावरच दोन्ही एकत्र उघडायचे.

पानगळ

कॅलिब्रेशनसाठी तीन पेपर कुठले घ्यायचे? आपल्यातल्याच कुणाचे घेतले तर बैठकीत रामायण होईल.

शाईचा डाग

आपल्यातले मुळीच नकोत. बाहेरचे, पाच-सात वर्षं जुने, आणि मुद्दाम असे निवडा की एक उघड चांगला, एक उघड सुमार आणि एक मधला. पहिल्या दोघांवर एकमत पाच मिनिटांत होतं. दुपारभराचा वेळ त्या मधल्यासाठी ठेवायचा.